कस्टमला विचारा, अस्वलाला विचारा: अलास्काला जातानाची तयारी

आमची लेक आणि जावई अलास्कात, फेअरबँक्सला असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघंच जाऊन आलो, या जूनमध्ये धाकटी जाऊही येतेय. सोलापुरात नव्या पेठेत बॅग बघताना ती म्हणाली, "अक्का, तिकडं उन्हाळाच आहे ना, मग स्वेटर कशाला?" तिथंच ठरवलं, यादी लिहून द्यायची. निम्मी यादी माझ्या मागच्या चुकांची आहे.

कागदपत्रं आधी उरकून टाका. पासपोर्टची मुदत बघा, अमेरिकेचा व्हिसा हातात आल्याशिवाय तिकिटाचं मनावर घेऊ नका. अलास्का आणि बाकीची अमेरिका यांच्यामध्ये कॅनडा येतो, त्यामुळे गाडीनं कॅनडातल्या यूकॉनकडं जायचा बेत असेल तर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आम्ही तो नाद सोडला. घरातलं कुणी तिकडं गाडी चालवणार असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा, तो वर्षभर चालतो. प्रवास विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, आणि मुक्कामापेक्षा दहा दिवसांच्या जास्त.

आता खाणं. बॅगेत जाणारी प्रत्येक वस्तू दोघांना विचारून भरायची, एक कस्टमवाला आणि दुसरं अस्वल. कस्टमवाल्याला कढीपत्ता चालत नाही. मागच्या वेळी मी परसातला जुडीभर कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून नेला होता, तो माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला. ताजी फळं, भाज्या, पेरायचं बी, घरचा तांदूळ यातलं काही घेऊ नका. मांसाचं तर नावच नको. जे नेताय ते फॉर्मवर किंवा तोंडी सरळ सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड बसतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आमच्या सुखरूप पोचल्या. अधिकाऱ्यानं ज्वारीची भाकरी हातात घेऊन वाकवून पाहिली, ती कट्कन मोडली, तो हसला आणि जा म्हणाला.

खरं सांगते, रानातल्या प्रवासाला कडक भाकरीसारखं दुसरं काही नाही. नासत नाही, तापवावी लागत नाही, चटणी आणि दह्याबरोबर जेवण होतं. फक्त भाकऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा, नाहीतर पोचेपर्यंत चुरा. मिक्सर मात्र नेऊ नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर नुसता कण्हतो. मोबाइलचे चार्जर चालतात, चपट्या पिनांचं अडॅप्टर घ्या.

अस्वलाचं म्हणाल तर त्याला आपल्या चटणीचा वास कोसावरून कळतो, असं जावई सांगतात. तंबूत किंवा उघड्यावर खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही. टूथपेस्ट, साबण, सुगंधी तेलसुद्धा त्यातच आलं. हे सगळं बंद गाडीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात. अस्वलासाठीचा फवारा विमानात चालत नाही, सामानातही नाही, तो तिथंच विकत घ्यायचा. आणि तो अंगाला लावायचा नसतो! आमचे हे ओडोमॉससारखा चोळायला निघाले होते. देनाली उद्यानात अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे साधारण पावणेतीनशे मीटर, लांब राहायचा नियम आहे. फोटोसाठी पुढं जायचं नाही, जाऊबाई, हे तुमच्यासाठी.

झोपेची तयारी कुणी सांगत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत फेअरबँक्सला धड अंधारच पडत नाही. २१ जूनच्या आसपास सूर्य रात्री पाऊणला मावळतो आणि तीनच्या आत परत उगवतो. पहिले चार दिवस मी दिवेलागण कधी धरायची या विचारात देवापुढं बसून होते. शेवटी घड्याळ बघून सातला दिवा लावायला लागले. उपाय आपल्याच गावचा निघाला. सोलापुरी चादर, गडद रंगाची, खिडकीवर चिमट्यांनी लावली की खोलीत रात्र होते. दोन चादरी न्या, एक खिडकीला, एक अंगावर. घरी फोन करायचा तर घड्याळ साडेतेरा तास मागं. सोलापुरात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिथं पहाटेचे साडेपाच.

स्वेटरचं उत्तर असं की फेअरबँक्सला जुलैत दुपारी छान ऊब असते, पण उत्तरेकडं सरकलं की त्याच दिवशी हुडहुडी भरते. पातळ कपडे एकावर एक, वर पावसाचं जाकीट. कपडे फिक्या रंगाचे घ्या, गडद रंगावर डास जास्त येतात. आणि डास म्हणजे काय! डोक्यावरून घ्यायची जाळीची टोपी घ्याच.

रस्त्याबद्दल जरा सावकाश सांगते. फेअरबँक्सच्या उत्तरेचा डाल्टन महामार्ग ६६६ किलोमीटरचा, १९७४ साली तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधलेला, बराचसा खडीचा. फेअरबँक्सहून आर्क्टिक वृत्ताच्या पाटीपर्यंत सुमारे ३२० किलोमीटर. वाटेतल्या कोल्डफूट गावानंतर रस्त्याच्या शेवटच्या डेडहॉर्सपर्यंत ३८६ किलोमीटर पेट्रोल नाही, दुकान नाही. म्हणजे सोलापूरहून निघून मुंबई गाठायची आणि मध्ये टेंभुर्णीचा चहाही नाही. म्हणून टाकी भरलेली, सुटे टायर दोन, पाणी भरपूर, नकाशे आधी मोबाइलमध्ये उतरवलेले. मोबाइलची रेंज विसराच. दिवसाही हेडलाइट लावून चालवायचं. ट्रक आला की गाडी हळू करून उजवीकडं घ्यायची, खडी उडून काच तडकते. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना या रस्त्यावर परवानगी नसते, करार नीट वाचा. आम्ही जावयाच्या गाडीनं वृत्तापर्यंत जाऊन परत फिरणार. डेडहॉर्सचा हट्ट आमचे हे करतील, त्यांना कुणी साथ देऊ नका.

देनालीत उन्हाळ्यात खासगी गाडी पंधराव्या मैलापर्यंतच जाते, पुढं बस. २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथली दरड सरकली आणि ४३व्या मैलापलीकडचा रस्ता बंद झाला. रस्त्याची सद्यःस्थिती बघूनच तिकीट काढा. देनालीचं शिखर ६१९० मीटरचं, पण ते ढगातच दडलेलं असतं. दोन दिवस हातात ठेवा.

काल कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर जाऊबाईंची बॅग तोलली. सव्वा किलो जास्त भरली. त्यांनी गुपचूप स्वेटर काढून ठेवलं आणि चटणीचा डबा तसाच ठेवला. मी स्वेटर परत आत घातलं, चटणी माझ्या बॅगेत घेतली.