काउंटी फेअरमध्ये पहिल्यांदाच कोंबडी उतरवताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या काउंटी फेअरमध्ये (म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत) परीक्षक कोंबडी गोंडस आहे का ते बघत नाही, ती आपल्या जातीच्या वर्णनात बसते का ते बघतो. हे वर्णन अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’मध्ये दिलेलं असतं. फोर-एच या मुलांसाठीच्या कार्यक्रमात नाव घातलेली मुलं (आणि त्यांचे आईबाबा) अंघोळीची चिंता करत बसतात, पण बहुतेकांचा घोटाळा त्याच्या कितीतरी आधी, पक्षी निवडतानाच झालेला असतो.

फीड स्टोअरमधून आणलेली ‘ऱ्होड आयलंड रेड’ बहुधा अंड्यांसाठी वाढवलेल्या वाणाची असते: रंग फिकट, अंग हलकं. स्टँडर्डप्रमाणे या जातीची कोंबडी 6.5 पौंड, तलंग (तरुण मादी) 5.5 पौंड आणि रंग चांगला गडद हवा. तेव्हा आधी वजन करा. मग तुरा बघा. एकेरी तुऱ्याला बाजूने फुटवा आला असेल तर पक्षी थेट बाद. उघड्या पायांच्या जातीत नळीवर किंवा बोटांच्या मधे पिसाचा खुंट सापडला तरी तेच. असा खुंट उपटून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती फसवणूक धरली जाते.

फॉर्म भरताना वयाचा वर्ग चुकतो. एक वर्षाच्या आतली ती तलंग, पुढची कोंबडी. नरांमध्ये तसंच कॉकरेल आणि कॉक. अंड्यातून पिल्लू कधी बाहेर आलं ती तारीख लिहून ठेवली नसेल तर इथे अडकायला होतं.

पिसांचं गणित वेगळंच आहे. पीस मुळासकट निघालं तर साधारण 6 ते 8 आठवड्यांत नवं येतं. तुटलं तर मात्र पुढची पिसं गाळेपर्यंत तसंच राहतं. म्हणून कोंबड्याने पाठीची पिसं झिजवण्याआधी, म्हणजे फेअरच्या दोन-तीन महिने आधीच, शोची मादी वेगळी काढा. पांढऱ्या पक्ष्याला उन्हापासून जपा, नाहीतर पिसांवर पिवळट झाक येते. उलट पिवळ्या पायांच्या जातीत भरपूर अंडी घातलेल्या कोंबडीचे पाय फिके पडतात, कारण तो रंग अंड्याच्या बलकात जातो. अशा वेळी नुकती अंड्यावर आलेली तलंग न्यावी.

आता अंघोळ. ती आदल्या रात्री घालू नका. दोन-तीन दिवस आधी घाला, म्हणजे पक्षी चोचीने पिसं नीट लावून घेतो. तीन टब, तिन्हींत कोमट पाणी. पहिल्यात सौम्य साबण. पिसं ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हात फिरवायचा, उलटा चोळला की पिसांची कड विस्कटते. दुसऱ्यात 10 लिटरला अर्धा कप पांढरं व्हिनेगर, साबण निघून जायला. तिसरा टब नुसत्या पाण्याचा. साबण राहिला तर वाळल्यावर पिसं चिकट आणि निस्तेज दिसतात, आणि नव्यांच्या हातून हेच सर्वांत जास्त होतं. डोकं बुडवू नका, स्पंजने पुसा. पायांच्या खवल्यांतली घाण जुन्या टूथब्रशने निघते. पूर्ण वाळेपर्यंत गार वाऱ्यात ठेवू नका. ड्रायर चालतो, पण आपल्याकडून तिकडे गेलेल्या असीलसारख्या जातीला नको: तिची पिसं अंगाला घट्ट बसलेली हवीत, फुलली की गुण गेले.

तुरा आणि पायांना व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालं तर भुसा चिकटतो, आणि आजूबाजूची पिसं तेलकट होतात ती वेगळीच.

अंघोळीने उवा आणि माइट्स (अंगावरचे बारीक किडे) जात नाहीत. शेपटीखालची पिसं बाजूला सारून बघा: मुळाशी पांढरट अंड्यांचे गठ्ठे म्हणजे उवा, काळपट मळ आणि हलणारे ठिपके म्हणजे माइट्स. कोंबड्यांसाठीचं औषध लेबलप्रमाणे महिनाभर आधी सुरू करा. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत, म्हणून 7 ते 10 दिवसांनी दुसरा हात लागतोच. परीक्षकाच्या हातावर माइट चढला की पुढचं काही बघितलं जात नाही.

पिंजऱ्याची सवय दोन आठवडे आधीपासून लावा. रोज बाहेर काढायचं, पंख पसरून दाखवायचा, परत ठेवायचं. काढताना आणि ठेवतानाही डोकं पुढे असावं; शेपटीकडून ओढलं की पिसं जाळीत अडकून मोडतात.

कागदांत पुलोरम-टायफॉइड या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या चाचणीचा दाखला किंवा एनपीआयपी (नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन) प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी दारातच मागतात. पायातल्या कड्याचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवून घ्या. बर्ड फ्लूमुळे काही राज्यं कोंबड्यांचे शो ऐनवेळी बंद करतात, त्यामुळे निघण्याआधी फेअरच्या ऑफिसला फोन करा.

फेअरहून परत आणलेला पक्षी थेट खुराड्यात सोडू नका. किमान दोन, जमलं तर चार आठवडे वेगळा ठेवा, आणि दाणापाणी करताना आधी घरच्या कोंबड्या, मग तो.