ट्रेलरवरचं छोटं घर: पहिली फळी ठोकण्याआधी या चुका टाळा

ट्रेलरवर घर बांधायचं ठरलं की बहुतेकांचं डोकं आधी आतल्या मांडणीत शिरतं. माळा कुठे, ओटा कुठे, खिडकी किती मोठी. वही आराखड्यांनी भरते आणि ट्रेलर मात्र 'स्वस्तात मिळेल तो घेऊ' म्हणून मागे पडतो. पुढे डोकं धरायला लावणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच सापडतं. हे घर आधी वाहन आहे आणि मग घर. त्यामुळे पहिला हिशोब चौरस फुटांचा नको, किलोंचा हवा.

वजन अंदाजाने धरणं

ट्रेलरच्या पाटीवर जे कमाल वजन लिहिलेलं असतं, त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. नवखा माणूस हमखास इथे फसतो. प्रत्येकी 3,175 किलो क्षमतेचे दोन ॲक्सल (चाकं बसतात ते आडवे दांडे) असतील तर एकूण 6,350 किलो झाले. ट्रेलरचा सांगाडाच 1,200 किलोचा असेल, तर भिंती, छप्पर, भांडीकुंडी, कपडे, पाणी, सगळं मिळून तुमच्या हाती 5,150 किलो उरतात. तेही टायर, ब्रेक आणि हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा) तेवढ्या भाराचे असतील तरच. सगळ्यात कमकुवत भागाची जी मर्यादा, तीच अख्ख्या ट्रेलरची.

हे किलो भराभर संपतात. 8 बाय 4 फुटांचा 18 मिमी प्लायवुडचा एक ताव साधारण 30 किलोचा. काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे 4 मिमीच्या दोन काचा असलेली एक चौरस मीटरची खिडकी चौकट सोडूनच 20 किलो झाली. 200 लिटरची टाकी भरली की 200 किलो. म्हणून प्रत्येक वस्तू वजनासकट कागदावर उतरवा, आणि घराचा सांगाडा उभा राहून छप्पर चढलं की एकदा वजनकाट्यावर जाऊन या. तेव्हा भार जास्त निघाला तर आतलं अस्तर, टाइल्स, ओट्याचा दगड यांत अजून बदल करता येतो. सगळं लावून झाल्यावर हातात फारसं काही राहत नाही.

भार कुठे पडतोय ते न बघणं

एकूण वजन मर्यादेत असूनही ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलू शकतो. कारण बहुधा एकच असतं: मागे भार जास्त आणि हिचवर कमी. गोल बॉलच्या हिचला एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर यावा असं धरतात. मात्र ओढणारी गाडी आणि हिच यांची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची.

मोजायचं असं. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना फक्त त्याची चाकं काट्यावर घ्या. मग गाडी सोडवा आणि पुढच्या जॅकसकट अख्खा ट्रेलर काट्यावर घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. तो कमी निघाला तर जड सामान ॲक्सलच्या पुढे सरकवा. डावी-उजवी बाजूही बघा. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि टाकी एकाच भिंतीला लावायचा मोह होतो, कारण नळजोडणी सोपी जाते, पण घर त्या बाजूला झुकतं. पाण्याची टाकी शक्यतो ॲक्सलच्या वर ठेवा आणि प्रवासात रिकामी ठेवा.

चालत्या गाडीमागे ट्रेलर हलायला लागलाच तर स्टीअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. वेग वाढवून तो सरळ करायचा प्रयत्न कधीही करू नका.

समपातळीत न आणता बांधायला घेणं

ट्रेलर नुसता चाकांवर उभा असताना भिंती उभारू नका. स्प्रिंगा आणि टायर भाराने दबत जातात. सांगाड्याखाली मजबूत आधार द्या, लांबी आणि रुंदी दोन्हीकडे लेव्हल लावा, मग टेप घेऊन समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. वजन वाढत जाईल तशी लेव्हल पुन्हा तपासायची.

घर बांधून झाल्यावर दार अचानक अडकायला लागलं तर लगेच रंधा हातात घेऊ नका. आधी जॅकखालची जमीन खचली आहे का बघा. एक कोपरा थोडा उचलला की दार पुष्कळदा आपोआप मोकळं होतं.

घर ट्रेलरवर नुसतं 'ठेवणं'

घर आपल्या वजनानेच बसून राहील हा समज धोक्याचा आहे. महामार्गाच्या वेगाने जाताना समोरून वारा आणि खालून सततचे हादरे असतात. तळाची चौकट ट्रेलरच्या पोलादी सांगाड्याला बोल्टने आवळलेली हवी, आणि भिंत ते छप्पर प्रत्येक जोडाला धातूच्या पट्ट्या हव्यात. बाहेरचं प्लायवुड चौकटीला गोंद आणि स्क्रू दोन्हींनी बसवा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू स्वस्त पडतात, पण ते ठिसूळ असतात आणि हादऱ्यांनी तुटतात. चौकटीत ते नकोतच. जिप्सम बोर्डही प्रवासात सांध्यांवर तडकतो, म्हणून आत पातळ प्लायवुड किंवा लाकडी पट्ट्या बऱ्या.

घराच्या तळाखालून उडणारं पाणी अडवायला पत्रा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल आणि त्यावर तांबंयुक्त औषध मारलेलं लाकूड थेट टेकलं, तर ओलीत पत्रा झिजत जातो. मध्ये वेगळा थर द्या.

मापं आणि जागा

उंची ट्रेलरच्या डेकवरून (घर उभं राहतं त्या सपाट भागावरून) मोजू नका, रस्त्यापासून मोजा. धुरांडं आणि छतावरचा पाइपही धरा. रुंदीत पागोळी आणि पन्हळ दोन्ही येतात. अमेरिकेत खास परवान्याशिवाय साधारण 8 फूट 6 इंच रुंदी चालते आणि बहुतेक राज्यांत 13 फूट 6 इंच उंची. युरोपातल्या बहुतेक देशांत हेच आकडे 2.55 आणि 4 मीटर आहेत. आपल्याकडचा नियम आराखड्याआधी काढा. घर शेवटी कुठे उभं राहणार आणि तिथे त्यात राहायची परवानगी आहे का, हेही ट्रेलर घेण्याआधीच ठरायला हवं.

ओलाव्याकडे दुर्लक्ष

थंडीत सकाळी काचांवर पाणी ओघळतं आणि माळ्यावरची गादी खालून ओली लागते, तेव्हा लोक आधी गळती शोधतात. बऱ्याचदा ते पाणी घरातलंच असतं. एक किलो प्रोपेन (एलपीजीतला एक गॅस) जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते. त्यात श्वासाची आणि आंघोळीची वाफ, आणि घर तर खोलीएवढं. बाहेर हवा फेकणारा पंखा स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात आराखड्यातच धरा, ताजी हवा आत यायची वाटही ठेवा, आणि गादीखाली फळ्यांची जाळी द्या. गॅस जळणाऱ्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवा. एलपीजीच्या गळतीचा अलार्म मात्र जमिनीलगत लावा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.