बांदा बेटांवर जायचंय? मग आधी एवढी तयारी करा

इंडोनेशियातली बांदा बेटं (आपलं सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे) बघायची असतील तर तिकिटं नंतर, आधी महिना ठरवा. समुद्र शांत असतो तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मग मार्च-एप्रिलला, जून ते ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत लाटा एवढ्या उसळतात की बोटी रद्द होतात आणि तुम्ही आंबोनलाच, म्हणजे जिथून बोट सुटते त्या शहरातच, अडकून पडता. हॅमरहेड शार्क बघायचेच असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर.

मुंबईहून जकार्ता, मग आंबोन, मग तुलेहू बंदरातून फास्ट बोट चालू असेल तर पाच-सहा तास, नाहीतर पेल्नी या तिथल्या सरकारी कंपनीचं मोठं जहाज. ही वेळापत्रकं सारखी बदलतात, म्हणून येतानाच्या विमानाआधी निदान दोन दिवस मोकळे ठेवाच, यात काटकसर करू नका. व्हिसा आपल्याला ऑन अरायव्हल मिळतो, 30 दिवसांचा, ऑनलाइन आधीच काढला तर रांग वाचते, पासपोर्ट मात्र सहा महिने तरी व्हॅलिड हवा. पैसे आंबोनलाच काढून घ्या, सगळ्या मुक्कामाचे, रोख, छोट्या नोटांत, बेटावरच्या एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. दोन गोल पिनांचा प्लग चालतो, आपला तीन पिनांचा नाही.

आता डायव्हिंग. मालवण-तारकर्लीला एकदा ट्रेनरचा हात धरून पाण्यात उतरलात म्हणजे इथे चालेल असं नाही. ओपन वॉटर या पहिल्या डायव्हिंग कोर्सवर 18 मीटरपर्यंत जाता येतं, पण इथल्या कड्यांवर करंट जोरात असतो त्यामुळे अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करूनच जा आणि जायच्या आधी अंदमानला चार डायव्ह मारून हात साफ करून घ्या. सरफेस मार्कर बॉय, म्हणजे पाण्यावर उभा राहणारा रंगीत फुगा, स्वतःचा न्या, करंटने लांब वाहून गेलात तर बोटवाल्याला तुम्ही त्याच्यामुळेच दिसणार. डायव्हिंगचा वेगळा इन्शुरन्स काढा, मोठी ट्रीटमेंट लागली तर बेटाबाहेरच न्यावं लागतं. मलेरियाबद्दल डॉक्टरांना निघायच्या बऱ्याच आधी विचारा, कारण काही गोळ्या जायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

एक गोष्ट बरेच जण उलटी करतात. नाइरा या मुख्य बेटासमोरचा गुनुंग आपी ज्वालामुखी साधारण 640 मीटर उंच आहे, तो पहिल्या दिवसांतच चढून घ्या, मग पाण्यात उतरा. डायव्हनंतर शरीरात नायट्रोजन साठलेला असतो, त्यात लगेच उंचावर चढणं धोक्याचं, आणि विमानालाही तोच नियम, शेवटचा डायव्ह आणि उड्डाण यात पूर्ण एक दिवस जाऊ द्या. चढताना पायाखालची खडी सरकत राहते, उतरताना तर जास्तच, म्हणून पकड असलेले बूट आणि हातमोजे घ्या, आणि अंधारातच निघा. याच डोंगराचा लाव्हा 1988 मध्ये समुद्रात उतरला, खालचं सगळं प्रवाळ जळालं, आणि काही वर्षांतच त्याच काळ्या दगडावर टेबल कोरल, म्हणजे टेबलासारखं सपाट पसरणारं प्रवाळ, एवढं दाट वाढलं की अभ्यासकांनाही नवल वाटलं. हा डायव्ह चुकवू नका. आणि संध्याकाळी नाइराच्या जेट्टीपाशी, अगदी उथळ पाण्यात, दगडांच्या फटीतून मँडरिन फिश बाहेर येतात, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, त्यांच्यासाठी मंद लाल टॉर्च न्या, पांढऱ्या उजेडात ते पळतात.

पण नुसते मासे बघून परत येणार असाल तर माझ्या मते अर्धीच ट्रिप झाली, त्यामुळे इतिहास वाचून जा. आपण श्रीखंडात किसतो ते जायफळ त्या काळी जगात फक्त या इवल्याशा बेटांवर होत होतं. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने 1510 ला गोवा घेतलं, 1511 ला मलाक्का, आणि तिथूनच निघालेली पोर्तुगीज जहाजं 1512 मध्ये बांदाला पोचली. मग डच आले. 1621 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याने बेटं जिंकली, 44 प्रमुखांना जपानी भाडोत्री सैनिकांकडून ठार मारलं, हजारो लोक मेले, उपाशी राहिले, गुलाम म्हणून नेले गेले, आणि मग मळे चालवायला बाहेरून गुलाम आणले. नाइरात पारिगी रांते नावाच्या जागी त्या 44 जणांचं स्मारक आहे, डचांच्या बेल्जिका किल्ल्यावर फोटो काढायच्या आधी तिथे जा, म्हणजे किल्ला कशासाठी होता ते कळतं. रुन बेटालाही एक दिवस द्या, 1667 च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी त्याच्यावरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं. हट्टा आणि शाहरीर या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांना डचांनी 1936 मध्ये नाइरात नजरकैदेत ठेवलं होतं, ती घरं बघता येतात, आणि याच शाहरीरना 1947 मध्ये बिजू पटनायकांनी विमानातून जावाबाहेर काढलं होतं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

शाकाहारी असाल तर थेपले, मेतकूट, थोडी चटणी बरोबर ठेवा, साध्या दिसणाऱ्या सांबलमध्येही (तिथली मिरचीची चटणी) कोळंबीची पेस्ट असते. वांग्याची केनारी घातलेली भाजी मात्र आवर्जून मागा, केनारी म्हणजे बदामासारखा दाणा, त्याचीच उंच झाडं जायफळाच्या बागांना सावली देतात. परतताना जायफळाच्या गराचा जाम आणा. झाडाखालचं ताजं बी किंवा रोप बॅगेत टाकू नका, अशा गोष्टी आणायला आपल्याकडे परवाना लागतो.