'एमएस' लिहिलेलं दिसलं तर नेमका कुठला अर्थ धरायचा?

एमएस दिसलं की डोक्यात पहिला येईल तो अर्थ धरून आपण पुढे वाचत जातो आणि तिथेच गडबड होते. हीच दोन अक्षरं डिग्री आहेत, आजार आहेत, पोलाद आहेत, वेळेचं मापसुद्धा आहेत.

पहिलं काम, शेजारचा शब्द बघा. पाइप, अँगल, प्लेट असं काही असेल तर माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं पोलाद. वर्ड, एक्सेल किंवा डॉस असेल तर मायक्रोसॉफ्ट. जहाजाच्या नावाआधी असेल तर मोटर शिप. माणसाच्या नावानंतर असेल तर बहुतेक डिग्री, पण सर्जनची असेल तर मास्टर ऑफ सर्जरी असू शकते आणि इंजिनिअरची असेल तर मास्टर ऑफ सायन्स.

दुसरं, इंग्रजी अक्षरं लहान आहेत का मोठी ते नीट बघा, हे खूप जण बघतच नाहीत. आकड्यानंतर दोन्ही लहान असतील तर मिलिसेकंद, एका सेकंदात असे १००० असतात, ऑनलाइन गेममधला पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, ह्यातच दाखवतात. एम लहान आणि एस मोठा असेल तर मिलिसीमेन्स, पाण्यातून वीज किती सहज जाते हे मोजताना लागतं ते. एम मोठा, एस लहान आणि पुढे बाईचं नाव असेल तर मिझ, लग्न झालंय का नाही ते न सांगणारं संबोधन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेडिकल कागदावर एमएस असेल तर अंदाज अजिबात लावू नका. हृदयाच्या इकोच्या रिपोर्टमध्ये तो बहुधा मायट्रल स्टेनोसिस असतो, म्हणजे झडप अरुंद झालेली, आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार, दोन्ही आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. औषधात तर आणखी धोका, कारण मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट दोन्हीसाठी हे लिहिलं जायचं, एक तीव्र वेदनेवरचं आणि दुसरं गरोदरपणातल्या झटक्यांवर देतात ते, आणि मॉर्फिन जास्त गेलं तर श्वास बंद पडू शकतो. म्हणूनच अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये हे 'वापरू नका' यादीत टाकलं, औषधाचं पूर्ण नावच लिहायचं. तुम्हीही डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला सरळ विचारा, ह्याचा फुल फॉर्म काय, आणि तो त्याच कागदावर लिहून घ्या.

बाकी ठिकाणी अडलात तर सर्च करताना नुसतं एमएस टाकू नका, शेजारचा एखादा शब्द जोडून टाका, आणि मिळालेला फुल फॉर्म मूळ वाक्यात घालून एकदा वाचून बघा, चुकीचा असेल तर वाक्य लगेच अडखळतं.