क्रूझ अर्ध्यावर असताना बोटीवर चढायचं असेल तर – माझा अनुभव

आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यात आणि खाली गोव्यात ‘पोरगा बोटीवर आहे’ म्हटलं की कुणी जास्त काही विचारत नाही, घराघरात एक तरी असतोच. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला नेमकं काय होतं ते नीट बसून कुणी सांगत नाही. त्यात बरेच जण सांगतात ते टर्नअराउंड पोर्टचं, म्हणजे जिथे क्रूझ सुरू होते आणि संपते, पाहुणे उतरतात, नवे चढतात, आणि त्या गर्दीत पंधरावीस नवे क्रूवाले एकत्र चढतात. माझं तसं झालं नाही. क्रूझ बार्सिलोनाहून निघालेली, मार्सेय, जेनोवा करून चौथ्या दिवशी इटलीत चिवितावेक्कियाला (रोमजवळचं बंदर) लागणार होती आणि मला तिथे चढायचं होतं. माझ्याबरोबर दुसरा एकच जण, तोही इंजिनकडचा. असिस्टंट वेटर म्हणून माझं ते पहिलं कॉन्ट्रॅक्ट.

मधल्या पोर्टला चढताना बोट तुमच्यासाठी थांबलेली नसते, ती आधीच चालू आहे आणि तुम्हाला चालत्या कामात शिरायचंय. सकाळी सातला लागते, संध्याकाळी सहा-सातला सुटते. तेवढ्या वेळात विमानतळ, पोर्ट एजंट (कंपनीचा त्या बंदरातला माणूस), गँगवे (बोटीवर चढायचा पूल), क्रू ऑफिस, सेफ्टी, युनिफॉर्म, आणि त्याच रात्री डायनिंगमध्ये उभं राहायचं. म्हणून जी तयारी बाकीचे बोटीवर चढून करतात ती तुम्ही घरीच करून निघा.

कागदपत्रं सगळ्यांना माहीत असतात तरी एकदा बोलतो. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी नंबर), एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, बेसिक कोर्स (पाण्यातून जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा), सिक्युरिटीचा कोर्स, पॅसेंजर शिपसाठी क्राउड मॅनेजमेंट, मेडिकल, यलो फीव्हरचं पिवळं कार्ड, व्हिसा, कंपनीचं जॉइनिंग लेटर आणि सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट. अमेरिकेतल्या पोर्टला चढणार असाल तर सी-वन-डी हा क्रूचा व्हिसा, युरोपात शेंगेन (बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा). आता मधल्या पोर्टचा मुद्दा असा की विमान लेट झालं आणि बोट सुटली तर एजंट तुम्हाला पुढच्या पोर्टला पाठवणार, आणि पुढचं पोर्ट तुर्कस्तानसारखं शेंगेनच्या बाहेर असेल तर तुमच्या व्हिसावर तिथे जाता येईलच असं नाही. त्यामुळे निघण्याआधी बोटीचं पुढच्या सात-आठ दिवसांचं शेड्यूल मागून घ्या, कुठल्या दिवशी कुठलं पोर्ट ते कागदावर लिहून ठेवा, आणि ऑफिसला सरळ विचारा की बोट चुकली तर मी कुठे जायचं. विचारलं म्हणून कुणी काढून टाकत नाही.

आणि पैशांचं. मी हे जीव तोडून सांगतो कारण आमच्याकडच्या पोरांना यात लाखाने बुडालेलं मी बघितलंय. एमएलसी २००६ म्हणून खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो मान्य केलाय. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी याचा खर्च तुमच्यावर पडू शकतो, व्हिसाचा खर्च मात्र बोटीच्या मालकाचा. एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करायचं सरकारी लायसन आहे का ते डीजी शिपिंग या जहाजांच्या सरकारी खात्याच्या साइटवर बघता येतं. लायसन नसेल आणि ‘जॉइनिंग अर्जंट आहे, मधल्या पोर्टला चढायचंय, आजच पैसे भर’ असं कुणी म्हणत असेल तर उठून घरी या. अर्जंट जॉइनिंग खरं असतं, पण पैसे त्यांनी भरायचे असतात.

आता बॅग. तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलो तेव्हा माझ्याकडे एक मोठी बॅग आणि पाठीवर एक सॅक. आईने मोठ्या बॅगेत कोकम, लसणीची चटणी, गोडा मसाला सगळं भरलेलं. काळे बूट, काळ्या पँटी, पांढरे शर्टसुद्धा त्यातच. रोमला फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो, पट्टा फिरून फिरून रिकामा झाला, बॅग आलीच नाही. मधे विमान बदललं तिथेच राहिली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशात, बाहेर एजंटचा माणूस बोटीच्या नावाचा बोर्ड धरून उभा, आणि माझ्या पोटात गोळा आला.

तिथे एक गोष्ट बरोबर झाली ती त्या इंजिनवाल्या दादांमुळे. रत्नागिरीकडचे, बरीच वर्षं बोटीवर असलेले. ते म्हणाले, ‘घाबरू नको रे, पण रिपोर्ट लिहून घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही.’ विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर नावाचा, बॅग आली नाही याच्या तक्रारीचा फॉर्म भरतात, त्याचा नंबर मिळतो. त्या फॉर्मवर दादांनी माझ्या घरचा पत्ता लिहू दिला नाही. बोटीचं नाव, आणि खाली ओळीने तारीख-पोर्ट, तारीख-पोर्ट: पालेर्मो, मग समुद्रात एक दिवस, पाल्मा, बार्सिलोना. शेवटी पोर्ट एजंटचं नाव आणि फोन. म्हणजे बॅग बोटीच्या मागून धावणार, घरी परत जाणार नाही. शेड्यूलचा कागद माझ्या खिशात होता म्हणून हे जमलं. नाहीतर फोनला नेट नाही, रोमिंग नाही, काय लिहिणार?

म्हणून सांगतो, हातातल्या सॅकमध्ये कागदपत्रांची ओरिजिनल फाइल, काळे बूट, एक काळी पँट, दोन पांढरे शर्ट, तीन दिवसांचे आतले कपडे, दाढीचं सामान, औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि शंभरेक युरो रोख. मोठी बॅग हरवली तरी रात्री ड्युटीला उभं राहता आलं पाहिजे. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेंशन बोर्ड नेऊच नका, गँगवेवर स्कॅनमध्ये दिसलं की सिक्युरिटी काढून ठेवते, आगीच्या भीतीने. मटण आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. सुकट तर नकोच, छोट्या केबिनमध्ये दोघं झोपता, त्या दुसऱ्याचा विचार करा.

विमानतळापासून चिवितावेक्किया गाडीने तासाभरावर. गँगवेवर आम्ही पाऊण तास उभे, कारण पाहुणे रोम बघायला बाहेर पडत होते आणि त्यांना आधी सोडतात. त्यांच्या अंगावर सुट्टीचे कपडे, आम्ही दोन दिवस न झोपलेले. मग क्रू ऑफिस. तिथे पासपोर्ट, सीडीसी जमा करून घेतात, फोटो काढतात, कार्ड देतात, केबिनची चावी, आणि एक छोटं सेफ्टी कार्ड. त्यावर तुमचा इमर्जन्सी नंबर, मस्टर स्टेशन (संकटात जमायची जागा) आणि ड्युटी लिहिलेली असते.

ते कार्ड युनिफॉर्मच्या आधी पाठ करा. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा जनरल इमर्जन्सीचा सिग्नल. तो वाजला की कुठल्या डेकवर कुठल्या जिन्याने जायचं हे पायांना माहीत पाहिजे. पाहुण्यांची मस्टर ड्रिल (तिथे जमायचा सराव) ते जिथे चढले तिथे झालेली असते. २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया याच चिवितावेक्कियाहून सुटली आणि त्याच रात्री जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. काही पाहुणे त्याच दिवशी चढलेले, त्यांची ड्रिल व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच ड्रिल घ्यायचं ठरलं. आता विचार करा, तुम्ही मधेच चढलात आणि रात्री काही झालं तर पाहुणे तुमच्या युनिफॉर्मकडे बघूनच तुमच्या मागे येणार, तुम्ही आज आलात हे त्यांना माहीत नसतं. म्हणून काम सुरू करायच्या आधी सेफ्टीची ओळख करून द्यायलाच लागते, तो नियम आहे. मला सेफ्टी ऑफिसरने वीस मिनिटांत फिरवून आणलं, पण मी ड्युटीच्या आधी एकटा पुन्हा चालून आलो. केबिन ते मस्टर स्टेशन, दोनदा. खाली क्रूचा लांबच्या लांब कॉरिडॉर असतो, अमेरिकन कंपन्यांत त्याला आय-नाइन्टी-फाइव्ह म्हणतात, तो सापडला की सगळं सापडतं. हरवलात तर तिथे परत या.

कामाचं म्हणाल तर हँडओव्हर, म्हणजे आधीच्या माणसाने काम समजावून देणं, मिळत नाही. माझ्या आधीचा मुलगा जेनोवालाच उतरलेला. त्याच्या टेबलांवरचे पाहुणे दोन रात्री त्याच्या हातचं जेवलेले, कुणाला पाणी बिनबर्फाचं, कुणाला ब्रेड आधी. मी हेड वेटरला पहिला प्रश्न विचारला तो ॲलर्जीचा. माझ्या सेक्शनला एका छोट्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, टेबलाच्या यादीत लाल पेनाने लिहिलेलं. बाकीच्या सवयी चुकल्या तर माफी मागता येते, ही चुकली तर नाही. आणि पाहुण्यांना सरळ सांगा की मी आज आलोय. एका आजींनी मला खुर्चीत बसूनच सगळ्या टेबलाच्या आवडी सांगून टाकल्या.

झोपेचं पण भांडून घ्या. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, त्यातले सहा सलग, हे कागदावर आहे आणि तासांची नोंद तुम्ही सही करून देता. न झोपता सही करू नका.

बॅग पाचव्या दिवशी बार्सिलोनाला आली. गँगवेवरून फोन आला, मी ॲप्रनवरच खाली गेलो. चाक तुटलेलं, पण कुलूप शाबूत आणि कोकमची पिशवी फुटली नव्हती. टर्मिनलच्या फुकट वायफायवर आईला फोन लावला आणि तेव्हा तिला पहिल्यांदा सांगितलं की बॅग हरवली होती.