जुन्या ट्रकचालकांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

दोन-तीन ट्रकांवर चाललेल्या घरगुती ट्रान्सपोर्टचा इतिहास कागदावर फारसा उरत नाही. तो चालकांच्या आणि क्लीनरच्या स्मरणात असतो, म्हणून ते हयात असतानाच नोंदवावा.

शक्यतो दोघा-तिघांना एकत्र बसवावे, कारण एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो. प्रश्नाची सुरुवात सालापासून करू नये, वस्तूपासून करावी: जुनी बिल्टी (मालवाहतुकीची पावती), ताडपत्रीचा दोर किंवा ट्रकचा फोटो समोर ठेवावा. मुंबई-पुणे मार्गावर खेपा केलेल्यांना बोरघाटाबद्दल विचारावे. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकल्याची आठवण निघाली, की बोलणाऱ्याचा डावा हात आपोआप गिअर बदलू लागतो आणि भरलेली गाडी चढावर कशी रडत असे, हे तो हातानेच सांगतो. असे हावभावही लिहून ठेवावेत, कारण ध्वनिमुद्रणात ते येत नाहीत.

काळ मागाहून ठरवता येतो. टाटा आणि मर्सिडीज यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता, त्यामुळे ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता की टाटांचा ‘टी’, यावरून अंदाज बांधता येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तर मुंबईतील जकात २०१७ मध्ये बंद झाली; जकात नाक्यावर काढलेल्या रात्री त्याआधीच्याच.

मालकाच्या घरच्या जेवणाबरोबरच थकलेल्या भत्त्याबद्दलही आवर्जून विचारावे. अपघाताचा विषय मात्र त्यांनी स्वतः काढेपर्यंत थांबावे, आणि लिहिलेला मजकूर शेवटी त्यांना वाचून दाखवावा.