पिस्टन धरतोय? आधी कुठे धरतोय ते बघा

ट्रंपेट शिकायला लागून चार-सहा महिने झाले की नवीन पोरांची एक तक्रार ठरलेली असते. "दादा, दोन नंबरचा पिस्टन खाली जातो, पण वर येत नाही." माझ्याकडे येण्याआधी घरी काय केलंय तेही ठरलेलं असतं. तेल ओतलेलं असतं, आणि त्याने भागलं नाही म्हणून आणखी तेल ओतलेलं असतं. मी नाशिकच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. सोबतच्या वादकांचे बाजे उघडून बघता बघता दुरुस्तीचं काम अंगावर आलं, आणि आता लग्नसराईत वाजवण्याइतकाच वेळ त्यात जातो. नव्याने ट्रंपेट हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पिस्टनला तेल लागेल किंवा लागणारही नाही. तो कुठे धरतोय, कधी धरतोय आणि कसा धरतोय, हे मात्र आधी बघायलाच हवं.

ट्रंपेटला तीन पिस्टन असतात. दोन नंबर दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, एक नंबरने एका स्वराने आणि तीन नंबरने दीड स्वराने. पिस्टन म्हणजे आरपार भोकं पाडलेली एक नळी. ती ज्या उभ्या नळीत खाली-वर होते तिला केसिंग म्हणतात. चांगल्या बाज्यात या दोघांमधली फट साधारण ०.०३ मिलिमीटर असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. तेवढ्या फटीत तेलाचा पातळ थर असतो. हवा गळू न देणं आणि पिस्टन सरकता ठेवणं ही दोन्ही कामं तोच करतो. त्यामुळे धुळीचा एक कणसुद्धा तिथे पुरेसा होतो. प्रत्येक पिस्टन त्याच्याच केसिंगशी घासून जुळवलेला असतो, म्हणून त्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. त्यांची अदलाबदल कधीही करू नका.

खूपदा बाजा बिघडलेलाच नसतो. पिस्टन साफ करून परत घालताना फिरलेला असतो, एवढंच. पिस्टनच्या कडेला गाइड नावाचा छोटासा दात असतो आणि तो केसिंगमधल्या खाचेत बसावा लागतो. पिस्टन आत सोडून हळू फिरवला की 'टक' असा आवाज येतो आणि मग तो फिरत नाही. बऱ्याच बाज्यांत आकडा माउथपीसच्या बाजूला ठेवतात, पण तुमच्या बाज्यात तो कुठे आहे ते काढण्याआधीच बघून ठेवा. फुंकर मारली आणि हवा पुढेच जात नसेल, तर पिस्टन अडकलेला नाही, फिरून चुकीच्या बाजूला बसलाय.

हे सगळं ठीक असेल तर वाजवणं थांबवा. बाजा मांडीवर घ्या आणि पिस्टन एकेक करून सावकाश दाबून बघा. खाली सहज जातो पण वर येताना रेंगाळतो, असं असेल तर बहुतेक घाण, वाळलेलं तेल किंवा दमलेली स्प्रिंग, यांपैकी काहीतरी आहे. दर वेळी एकाच उंचीवर अडखळत असेल तर काहीतरी वाकलंय किंवा पोचा पडलाय. मांडीवर अगदी मोकळा चालतो आणि वाजवतानाच धरतो, तर आपल्या बोटांकडे बघा. करंगळी हुकात अडकवून बाजा ओढून धरला की बाकीची बोटं बटणावर तिरकी पडतात आणि पिस्टन एका बाजूला रेटला जातो. बोट कमानीसारखं ठेवून टोकाच्या मांसल भागाने सरळ खाली दाबायचं. तीन नंबरला हे जास्त जाणवतं, कारण अनामिका मुळातच कमजोर असते.

यानंतर खालचं झाकण काढा. तेल ओतण्याआधी हे कुणीच करत नाही, आणि निम्मी उत्तरं तिथेच सापडतात. त्या झाकणाच्या वाटीत काळा-हिरवा चिकट गाळ साठतो. त्यात जुनं तेल असतं, थुंकी असते, धातूचा कीस आणि धूळ असते. काढताना खाली हात धरा. आधुनिक ट्रंपेटमध्ये स्प्रिंग पिस्टनच्या वरच्या भागात असते, पण काही जुन्या बाज्यांत ती खाली असते आणि झाकण सुटताच उडून पडते. झाकण काढल्यावर पिस्टन मोकळा चालायला लागला तर झाकण पुसा, आटे बघा, काम झालं. तसंच वरचं झाकण सोडून दांडी (पिस्टनच्या वरची, बटण बसतं ती) धरून खाली-वर करून बघा. आता मोकळा चालत असेल तर दोष पिस्टनमध्ये नाही. झाकण, फेल्टची चकती किंवा वाकलेली दांडी यांच्यात तो शोधा.

तरीही धरत असेल तर एक चाचणी आहे, ती मन लावून शिका. पिस्टन बाहेर काढा, स्प्रिंग आणि गाइड बाजूला ठेवा आणि नुसता पिस्टन दांडी लावून केसिंगमध्ये सोडा. आता गाइड नाही, त्यामुळे तो गोल फिरतो. फिरवत फिरवत खाली-वर करा आणि कुठे घट्ट लागतो ते बोटांना कळू द्या. पिस्टन फिरवल्यावर घट्ट जागाही त्याच्यासोबत फिरली, तर पिस्टन वाकलाय. कितीही फिरवला तरी केसिंगच्या एकाच बाजूला लागत असेल, तर दोष केसिंगचा. निदान इथेच होतं, आणि यात कुठेही जोर लावावा लागत नाही.

सिन्नरकडून एक मुलगा बाजा घेऊन आला होता. दोन नंबर अर्ध्यावर धरायचा. तेल नवीन, गाळ नाही, स्प्रिंगही ठीक. वरच्या चाचणीत घट्ट जागा केसिंगमध्येच राहिली. मोबाइलचा टॉर्च आत मारला तर उजव्या बाजूच्या भिंतीवर नखाएवढी चकचकीत घासलेली पट्टी दिसली. दोन नंबरची छोटी स्लाइड, म्हणजे ओढून काढता येणारी वळलेली नळी, केसिंगला जिथे जोडलेली असते, बरोब्बर तिथे. बाहेरून पोचा म्हणावा असं काहीच नव्हतं. बोलता बोलता कळलं की वरातीनंतर टेम्पोत बाजा आडवा टाकला होता, त्या स्लाइडवर, आणि वरून ढोल ठेवला गेला होता. ती स्लाइड बाजूला आलेली असते. तिच्यावर वजन आलं की ती केसिंगची भिंत आत ढकलते. बाहेरच्या डोळ्याला ते दिसतही नाही, पण ०.०३ मिलिमीटरच्या फटीला तेवढं खूप झालं. असा बाजा केसिंगमध्ये नेमक्या मापाचा स्टीलचा दांडा घालून भिंत जागेवर आणणाऱ्या कारागिराकडेच द्यावा लागतो. त्या मुलाचा बाजा तसाच सरळ झाला, पिस्टनला कुणी हात लावला नाही. म्हणून ट्रंपेट टेबलावर किंवा सतरंजीवर ठेवताना दोन नंबरची स्लाइड नेहमी वर असू द्या. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आता तेलाविषयी सांगतो, कारण नाशिकमध्ये याची वेगळी गंमत होते. घरात असतं म्हणून खोबरेल तेल घालणारे मी पुष्कळ बघितलेत. मे महिन्यात ते चालल्यासारखं वाटतंही. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली येतो, निफाडला तर त्याहून खाली. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे ऐन थंडीत सुपाऱ्या असतात. सकाळी वाजवायला उभं राहावं आणि तिन्ही पिस्टन पांढऱ्या थराने बसलेले असावेत, असं मी निफाडच्या एका लग्नात शेजारच्या वादकाचं होताना पाहिलंय. बाजा कुशीत धरून गरम केला तेव्हा कुठे दुसरं गाणं वाजलं. शिवणयंत्राचं तेल या फटीसाठी जाड पडतं आणि धूळ धरून ठेवतं. रॉकेल पातळ असल्यामुळे मोकळं वाटतं, पण लवकर उडून जातं आणि तोंडाला लागणाऱ्या वस्तूत ते नकोच. गंज सोडवायचे स्प्रे तर अजिबात मारू नका. व्हॉल्व्ह ऑइल म्हणून मिळतं तेच घ्या. एक छोटी बाटली बरेच महिने पुरते. खनिज तेलावरून सिंथेटिकवर जायचं असेल तर आधी पिस्टन नीट धुवा, दोन्ही एकत्र करू नका. स्लाइडला लावायचं ग्रीस पिस्टनला चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

तेल घालायची पद्धत सोपी आहे. वरचं झाकण सोडून पिस्टन अर्धा वर काढा, चकचकीत भागावर तीन-चार थेंब सोडा, खाली बसवा, 'टक' ऐका, झाकण हाताने लावा, चार-पाच वेळा दाबा. वाजवायला बसण्याआधी रोज. खालच्या झाकणाच्या भोकातून तेल सोडणारे आहेत, पण त्याने तिथला गाळ वर चढतो. नव्या बाज्याला तेल जास्त वेळा लागतं. धातू एकमेकांशी रुळेपर्यंत बारीक कीस सुटत असतो.

नाशिकच्या मिरवणुकांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे गुलाल. खालच्या झाकणाला हवेसाठी भोक असतं, त्यातून तो आत जातो आणि तेलात कालवला जातो. गणपती असो, रंगपंचमीला रहाडींच्या (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांच्या) बाजूने काढलेली मिरवणूक असो, घरी आल्यावर त्याच रात्री पिस्टन पुसायचे. सकाळवर टाकलं की तो लगदा वाळतो. दुसरं, लग्नात सरबत मिळतं, जिलबी मिळते, गोड चहा तर चालूच असतो. साखर थुंकीबरोबर नळीतून पिस्टनपर्यंत जाते आणि डिंकासारखी धरते. वाजवण्याआधी पाण्याने खळखळून चूळ भरा. पान-तंबाखू तोंडात ठेवून वाजवणाऱ्याचा बाजा मी उघडायच्या आधीच ओळखतो.

पूर्ण धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. गरम पाणी नको, लॅकर (बाहेरचा चमकीचा थर) उतरतं. पिस्टन काढून कापडावर १, २, ३ असे क्रमाने ठेवा. फेल्ट आणि बूच भिजू देऊ नका. केसिंगमधून मऊ ब्रश फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि जुन्या धोतराच्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडं करा. काठीला कापड गुंडाळून आत फिरवत असाल तर काठीचं टोक उघडं राहू देऊ नका. पिस्टन आत असताना स्लाइड ओढायची तर तिच्या नंबरचा पिस्टन दाबून धरा, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि ती ओढून धरते. बऱ्याच जणांना वाटतं स्लाइड अडकली.

स्प्रिंग तपासायची तर तिन्ही काढून शेजारी उभ्या करा. एखादी आखूड दिसली तर तिन्ही एकदम बदला. ओढून लांब केलेली स्प्रिंग दोन-चार दिवस चालते आणि मग वाकडी दबायला लागते. आपल्याकडच्या बँडमधले बरेच बाजे मेरठचे असतात. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. सगळ्यांची मापं एकसारखी नसतात, म्हणून स्प्रिंग किंवा फेल्ट आणायला जाताना जुनं नमुन्याला सोबत न्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पिस्टनला पॉलिश पेपर लावू नका. टूथपेस्ट नको, पितांबरी नको, चिंच नको. पिस्टन घरच्या पितळी भांड्यासारखा नसतो. त्यावर निकेलचा थर असतो, किंवा तो मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) नाहीतर स्टेनलेस स्टीलचा असतो. घासून तो मोकळा चालतो खरा, कारण धातू कमी झालेला असतो. पण मग हवा गळते, वरचे सूर फाटतात आणि तो धातू परत येत नाही. घासून वाया गेलेला चांगला बाजा बघितला की मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्याला फक्त धुण्याची गरज होती. तसंच भांडी बाजारात किंवा तांबट लेनमध्ये ठोक्याचं काम करणारे कसबी हात आहेत, पण केसिंगचा पोचा हातोडीने निघत नाही. घट्ट बसलेल्या झाकणालाही पक्कड लावू नका. रबराचा तुकडा धरून फिरवा. नाहीच निघालं तर कारागिराकडे न्या.

हे काम येत असेल तर बँडमध्ये तुम्हाला मान मिळतो, आणि मास्तर लांबच्या सुपारीला आधी तुम्हाला घेतात. नोकरीकडे बघायचं तर महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत बॅण्डस्मनची पदं असतात. लष्करी वादकांचं प्रशिक्षण पचमढीला होतं. तिथे बाज्याची निगा ही शिस्तीचाच भाग असते. आणि २०२७च्या सिंहस्थात मिरवणुका लांबच लांब असतील, मध्ये थांबून बाजा उघडायला कुणी जागा देणार नाही. तेव्हा खिशात तेलाची बाटली, धोतराचा तुकडा आणि एक जादा स्प्रिंग ठेवा.

आणि बाजा दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच, तर नुसतं "अडकतो" असं सांगू नका. कितवा पिस्टन, खाली जाताना की वर येताना, झाकण काढल्यावर काय झालं, गाइडशिवाय फिरवल्यावर घट्ट जागा फिरली की तिथेच राहिली, शेवटचं कोणतं तेल घातलं होतं, हे चिठ्ठीवर लिहून बाज्याच्या पेटीत ठेवा.